अक्षरांआधी गाणे : लोककवी वामनदादा कर्डक

पाचव्या इयत्तेत येऊनही ज्यास सलग वाचता येत नाही, असा एखादा विद्यार्थी आपणांपैकी बहुतेकांच्या वर्गात असतो. ऊसतोडीच्या हंगामात तो आईबापांबरोबर कारखान्याच्या मुलखात जातो, आणि परत येलदरीस येतो तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. 'आता याचे वय निघून गेले' असा शेरा मग आपण मनातल्या मनात मारून मोकळे होतो. हा शेरा किती घाईचा असतो, हे शिक्षक बंधुभगिनींनी वामनदादा कर्डक यांच्या चरित्रावरून अवश्य पाहावे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे मुंबईस येऊन गिरणीत, कोळशाच्या वखारीत, मिळेल तेथे त्यांनी मजुरी केली. एके दिवशी कोणी एकाने एक पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या हाती दिले. धडधाकट तरुण, परंतु पत्रातील एक अक्षर लागेना! ती शरम त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांस मुळाक्षरे शिकविली; जोडाक्षरे ते रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. ३ मे १९४३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षात, त्यांनी पहिले गीत रचले. तेथून २००४ साली निधन होईपर्यंत या माणसाने हजारो गीते लिहिली व खेडोपाडी गाइली.

ही गीते करमणुकीपुरती नव्हती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलशांची जी परंपरा निघाली, ती पुढे आंबेडकरी जलशांनी चालविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार ज्यांना पुस्तकातून वाचता येणे शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत तो ढोलकीच्या साथीने पोहोचला. शिक्षण घ्या, दारू सोडा, अस्पृश्यता मानू नका, या गोष्टी सभेतील भाषणापेक्षा गाण्यातून अधिक टिकतात. कारण गाणे श्रोता घरी घेऊन जातो. केवळ क्रिकेटमुळे आपणांस ठाऊक असलेल्या वेस्ट इंडीजमध्येही, त्रिनिदाद बेटावर, कॅलिप्सो गाणारे गायक असेच भर लोकांत सत्ताधाऱ्यांस व समाजास खडे बोल सुनावीत आले आहेत.

आता वर्गाकडे वळू. जो मुलगा वाचनात अडखळतो, तोच पुष्कळदा गाणी मात्र धडाधड म्हणतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भजन, पोवाडा, काहीही त्यास येत असेल ते त्याच्याकडून म्हणवून घ्यावे व त्यातील चारच ओळी त्याच्यासमोर फळ्यावर लिहाव्यात. शब्द त्याच्या ओठांवर आधीच असल्यामुळे डोळ्यांस फक्त ओळख पटवावयाची राहते. तो म्हणत असता प्रत्येक शब्दाखाली त्याचेच बोट फिरू द्यावे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पाठ म्हणणे म्हणजे वाचणे नव्हे. मूल फळ्याकडे न पाहताही ओळ पुरी करील आणि शिक्षक उगाच समाधान मानतील. यास्तव दुसऱ्या दिवशी तेच शब्द कागदाच्या तुकड्यांवर सुटे लिहून क्रम मोडावा आणि एकेक शब्द विचारावा. जो ओळखता आला, तो त्याचा झाला. तिसऱ्या दिवशी त्याच अक्षरांचे, गीतात नसलेले दोन-तीन शब्द द्यावेत. ते जमले तरच वाचन सुरू झाले असे समजावे.

तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते. त्याचे पहिले गीत गोरमाटीतच, देवनागरी अक्षरांत लिहून घेण्यास हरकत नाही. किंबहुना तसेच करावे. मराठी गीत त्यानंतर घ्यावे. आणि मुलाने 'व्हतं' म्हटले तर फळ्यावर 'व्हतं' असेच लिहावे. 'होते' हे रूप आठवड्याभराने शेजारी लिहिता येईल.