डोक्यावरची माती

1. आधी डोक्यावरचं ओझं उतरवा. परभणी जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणांत माळवदाची घरं अजून उभी आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यासारखा गारवा कुठं नाही, म्हणून ती सोडवत नाहीत. पण मृगाआधी गळती थांबवायला दरवर्षी नवी पांढरी माती पडते आणि जुनी कुणी काढत नाही. 10 बाय 10 फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन, भिजली की आणखी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती अशाच मातीखाली आणि दगडांच्या भिंतींखाली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. म्हणूनच ‘आपल्याकडं कुठला भूकंप?’ असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. 21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, दहाएक मिनिटांत दुसरा. परभणी-नांदेडची माणसं अंगणात आली. जुलैत पुन्हा तेच.

माती काढायची तर उन्हाळ्यातच काढा. आधी तुळया वाळवीनं खाल्ल्यात का ते बघा, खोली रिकामी करा, आणि एकाच बाजूनं न काढता चहूकडून थोडी थोडी उतरवा. गारव्यासाठी पातळ थर पुरतो, त्याला पन्हळीकडं उतार हवा.

2. पत्र्यावर दगड नकोत. वाऱ्याच्या भीतीनं ते ठेवले जातात, मला ती भीती कळते. पण धक्क्यात तेच दगड खाटेवर येतात. 2024 च्या धक्क्यांनंतर प्रशासनानंही ते काढायला सांगितलं होतं. हूक-बोल्टनं पत्रा आवळून घ्या.

3. भिंत पडण्याआधी सांगते. दगडमातीच्या जाड भिंतीत बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात, मधे नुसती भर. पाणी मुरलं की थर सुटतात आणि भिंतीला पोट येतं. आठवडाभराची झड उघडली, ऊन पडलं, म्हणून त्या भिंतीशेजारी म्हाताऱ्यांची खाट परत टाकू नका. भिजलेली भिंत पाऊस थांबल्यावरही बसते. दुरुस्ती करताना दोन्ही थर बांधणारे आरपार दगड जागोजागी घालायला लावा. वळचणीचं पाणी पायाशी साचू देऊ नका.

4. नदी फुगली की ओढ्याकडं बघा. येलदरी धरणातून पूर्णेला आणि जायकवाडी धरणातून गोदावरीला एकदम पाणी सुटलं की काठच्या ओढ्यांचं पाणी पुढं सरकत नाही. फुगवटा मागं येतो आणि गावात पाणी घुसतं ते नदीकडून नव्हे, ओढ्याकडून. गावात पाऊस नसला तरी हे होतं. वरून किती क्युसेक सुटलं हे रोज कळतं. ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून झोपायच्या आधी सांगा. अंधारात गुरं सोडायला धावणं फार जिवावरचं.

5. वीज. झाडाखाली जायचं नाही, एवढं खुरपणाऱ्या प्रत्येक बाईला आणि सालगड्याला माहीत हवं. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजेचा इशारा देतं. शेतात एकाच्या तरी फोनवर ते असावं. गडगडाट ऐकू आला की काम सोडून पक्क्या घरात यायचं, मालक काहीही म्हणो.

6. घरकुल बांधताय तर दोन गोष्टींवर अडून बसा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. आणि दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी. गवंडी ती दारापुरती, खिडकीपुरती टाकतो, हप्त्याच्या पैशात तेवढंच बसतं म्हणतो. ती चारही भिंतींवरून सलग फिरली पाहिजे, कोपऱ्यात सळई तुटता कामा नये, वळून पुढच्या भिंतीत गेली पाहिजे. काँक्रीट पडलं की काही दिसत नाही, म्हणून त्या दिवशी घरातल्या कुणीतरी मजुरी बुडवून तिथं उभं राहावं.