व्हिडिओतले डॉक्टर आणि आपली साखरेची गोळी

गटांच्या व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला एक तरी डॉक्टर येतातच. जास्त फिरतात ते डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, असं ते सांगतात. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर मात्र दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगत आल्या. सल्ला अगदी उलटा, तरी दोघांचेही चाहते म्हणतात, आम्हाला फायदा झाला!

म्हणजे नुसत्या "मला गुण आला" यावरून काही ठरत नाही. आपल्या गटाच्या वहीत फेडलेली कर्जं तेवढी लिहिली आणि थकबाकी लिहिलीच नाही, तर गट कायम चांगलाच दिसेल ना? व्हिडिओचं तसंच असतं. गुण आलेली बाई पुढे येऊन बोलते, चक्कर येऊन पडलेली घरीच राहते. विज्ञानात थकबाकीसुद्धा लिहावी लागते.

ब्रिटनमधला 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास बघा, 2017 साली छापून आला. मधुमेह होऊन सहा वर्षं झाली नव्हती आणि इन्सुलिन चालू नव्हतं, अशीच माणसं त्यात घेतली. 149 जणांना काही महिने अगदी मोजका आहार दिला, तेवढ्याच जणांना नेहमीचे उपचार. वर्षाने पहिल्या गटातल्या 68 जणांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती, दुसऱ्या गटात फक्त 6 जणांची. म्हणजे आहाराने साखर आटोक्यात येऊ शकते, हे थोतांड नाही. पण पहिल्या गटातल्या 81 जणांना ते जमलं नाही, हेही त्यांनी छापलं. आणि गोळ्या बंद केल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर खाली आणते. सकाळी गोळी घेतली, "दोनच जेवणं" म्हणून न्याहारी सोडली आणि भातलावणीला चिखलात उतरलं, की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. (नवरात्रात कडक उपास धरणाऱ्या तायांनो, तुम्हालाही हे लागू आहे.) अशा वेळी लगेच साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन लावा.

उलट, व्हिडिओ बघून गोळी परस्पर बंद केली तर साखर वाढत जाते आणि बरेच दिवस कळतही नाही.

कुणाला दोन जेवणं करून बघायची असतील तर जरूर बघा, पण आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन उपकेंद्रात किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जा. "मी जेवण कमी करतेय, गोळी किती घेऊ?" एवढं विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा प्रयोग करायचाच नाही. पुढच्या बैठकीला साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या सगळ्यांनी आपापली पाकिटं आणा, आशाताईंना बोलावलंय.