चिंगीच्या पिल्लांसाठी

चि. वैष्णवीस,


परवा फोनवर तू इतकं भराभर विचारत होतीस की निम्म्या प्रश्नांना उत्तरं द्यायची राहून गेली. म्हणून सावकाश लिहितो आहे. हे पत्र फ्रीजवर चिकटव, म्हणजे मी नसलो तरी घरातल्या कुणालाही बघता येईल.

सहा पिल्लं, सगळी जिवंत, आणि आपली कुत्री चिंगी त्यांना अंगावर घेते आहे. पहिल्या दिवशीचा चीक सगळ्यांच्या पोटात गेला, ही फार मोठी गोष्ट झाली. तू विचारलंस, वरचं दूध कुठलं पाजू आणि किती. पण त्याआधी मला पिल्लांच्या जागेची काळजी वाटते. ती पॅकहाऊसच्या कोपऱ्यात, क्रेटच्या थप्पीमागे, उघड्या कोब्यावर आहेत. तिथून त्यांना आजच्या आज हलव.

आपल्याकडच्या कुत्र्या भाद्रपदात माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी, कार्तिकात वितात. म्हणजे पिल्लं जन्माला येतात ती नेमकी थंडीच्या तोंडावर, आणि निफाडची थंडी तुला मी काय सांगायची! नवजात पिल्लाला गारठा लागला तर कुडकुडताही येत नाही. कुडकुडून अंग गरम करायची सोय त्याच्या शरीरात अजून तयारच झालेली नसते. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाचं तापमान ९५ ते ९८ फॅरनहाइटच्या आसपास असतं, मोठ्या कुत्र्याचं १०१-१०२ असतं, आणि तिथवर पोचायला त्याला जवळजवळ महिना लागतो. तोवर आईचं पोट आणि तू दिलेली जागा एवढीच त्याची ऊब.

पिल्लू गार पडलं की त्याची आतडी काम करेनाशी होतात. अशा वेळी माणसं कळवळून त्याला दूध पाजतात. ते दूध पचत नाही, पोट फुगतं, नाहीतर थेट फुफ्फुसात जातं. पशुसंवर्धन खात्यात असताना ‘रात्री दूध पाजलं, सकाळी गेलं’ हे वाक्य मी किती घरांतून ऐकलं असेल. म्हणून एखादं पिल्लू सुस्त वाटलं तर आधी करंगळीचं टोक हलकेच त्याच्या तोंडात घाल. आतून गार लागलं तर दुधाचं नाव काढायचं नाही. स्वेटरच्या आत, आपल्या पोटाशी धरून अर्धा-एक तास बसायचं. चुलीसमोर किंवा हीटरसमोर धरायचं नाही, कारण वरची कातडी भाजते आणि आतलं अंग गारच राहतं. तोंड कोमट लागलं, करंगळी ओढायला लागलं, की मग आईला लावायचं.

जागा म्हणून पडवीच्या टोकाची ती ठिबकच्या नळ्या ठेवायची खोली चांगली. तिला दार आहे, आणि तेच महत्त्वाचं. उसाच्या पट्ट्यातल्या वस्तीवर राहतेस, बिबट्याचं तुला वेगळं सांगायला नको. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला, वजनाच्या हिशोबाने सुमारे ३९ टक्के. पिल्लांना दूध पाजणारी कुत्री जागा सोडून पळत नाही. दिवस मावळायच्या आत दार बंद, ही जबाबदारी कुणा एकाच्या नावावर ठेव, ‘कोणीतरी लावेल’ असं नको.

दाजींना प्लायवूडची पेटी करायला सांग. चार फूट लांब, तीन फूट रुंद, कडा दीड फूट, आणि पुढची बाजू वीतभर उंचीवर कापलेली, म्हणजे चिंगीला ये-जा करता येईल आणि तिची आचळं कडेला घासणार नाहीत. पेटी विटांवर ठेवा, फरशीचा गारवा खालून चढतो. आता नीट वाच: पेटीच्या आत, चारही बाजूंनी, तळापासून चार बोटं वर आणि भिंतीपासून चार बोटं आत एक पीव्हीसी पाइप फिरवून घ्या. कुत्री अंग टाकते तेव्हा भिंतीला टेकते, आणि मागे राहिलेलं पिल्लू तिच्या पाठीखाली चेंगरतं. तिला कळतही नाही. पाइप असला की पिल्लाला त्याच्याखाली जागा उरते.

खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद नको. त्यावर पाय घसरतात आणि पिल्लाचे मागचे पाय बेडकासारखे फाकत जातात. जुनी गोधडी दोन्हीकडून ताणून, कडा पेटीखाली दाबून बसव. सैल राहिली तर पिल्लं तिच्याखाली शिरून हरवतात. सुटलेले दोरे कापून टाक, ते पायाला गुंडाळतात. खताचं किंवा औषधाचं पोतं कितीही धुतलेलं असलं तरी वापरायचं नाही. लाकडाचा भुसाही नको, नाकात जातो.

उबेसाठी जुना तारेचा साठ वॅटचा बल्ब पेटीच्या एकाच कोपऱ्यावर, चिंगीचं डोकं लागणार नाही इतक्या उंचीवर टांग. एलईडी चालणार नाही, तो उजेड देतो, उष्णता देत नाही. बागेतला तापमापक काढून पेटीत ठेव. पहिला आठवडा ३० अंशांच्या आसपास, मग हळूहळू कमी करत महिन्याअखेर २४. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. एक कोपरा मात्र गार राहिलाच पाहिजे, म्हणजे पिल्लाला सरकता येतं. तापमापकापेक्षा पिल्लांकडे बघायला शीक. एकावर एक ढीग करून कण्हत असतील तर गारठलीत. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय. एकमेकांना टेकून, सैल पडून झोपली असतील तर बरोबर आहे. झोपेत त्यांच्या ओठांना, पंजांना, कानाला सारखे बारीक झटके येतात. त्याला घाबरू नकोस, ते निरोगी पिल्लाचं लक्षण आहे. एकही झटका न येता बाजूला निपचित पडलेलं पिल्लू दिसलं तर ते आधी उचल.

आता दुधाचं. चिंगीला पान्हा आहे तोवर वरचं दूध नकोच. पुरतंय की नाही हे अंदाजाने ठरवायचं नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे, रोज ठरल्या वेळी सहाही जणांचं वजन वहीत लिही. गळ्यात ओळखीचे दोरे बांधू नकोस; कपाळावरचा ठिपका, पांढरा पंजा, शेपटीचं टोक यांवरून ओळखता येतात. आठ-दहा दिवसांत जन्माच्या वेळचं वजन दुप्पट व्हायला हवं. दोन दिवस वजन वाढलं नाही तर ते पिल्लू मागच्या, भरलेल्या आचळाला लाव आणि मला कळव. वरचं द्यायची वेळ आलीच तर नाशिकहून पिल्लांसाठीची दूध पावडर मागव. गायीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश कुत्रीच्या दुधाच्या निम्मेसुद्धा नसतात, वर साखर जास्त, त्याने हगवण लागते. पाजताना पिल्लू पोटावर हवं, तान्ह्या बाळासारखं उताणं कधीच नाही.

चिंगीला चार वेळा खायला घाल. भात, अंडी, शिजवलेलं बिनहाडाचं चिकन. नुसत्या भाकरी-दुधावर सहा पोरं निघणार नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागेल. तेव्हाच एका धोक्यावर लक्ष ठेव. विनाकारण धाप, बेचैनी, पाय ताठ टाकत चालणं, अंगाची थरथर: हे दिसलं तर तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलं आहे. पिल्लं बाजूला कर आणि तिला ताबडतोब डॉक्टरांकडे ने, शिरेतून औषध द्यावं लागतं. सकाळची वाट बघायची नाही. पिल्लांची नखं टोकाला जरा कापत जा, आचळांवर ओरखडे उठून ती पिकतात.

दोन आठवड्यांनी डोळे उघडतील. तेव्हापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध, चिंगीलाही. गोल जंत आईच्या पोटातून आणि दुधातून पिल्लांत येतात आणि लहान मुलांनाही होऊ शकतात. मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारून. गुरांचं गोचिडाचं औषध पिल्लांच्या अंगाला लावायचं नाही, गोचिडं बारीक फणीने काढ. पेटीत फिनेल नको.

चौथ्या आठवड्यात ती पेटीबाहेर पडतील आणि मळा त्यांच्यासाठी धोक्याचा होईल. छाटणीनंतरच्या पेस्टचे डबे, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या उंचावर, कुलपात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, तेव्हा गळालेले मणी झाडून घ्यायचे.

ह्याच दिवसांत लोक पिल्लू मागायला येतील. द्यायचं नाही. २०१७ च्या केंद्राच्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ च्या पुस्तकात दाखवलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे शिकतं त्यावर त्याचा स्वभाव घडतो. दात किती लावायचा हे त्याला भावंडं आणि आई शिकवतात. माणूस भला असतो हे मात्र तुला शिकवायचं आहे. रोज प्रत्येकाला थोडा वेळ हातात घे, मिक्सरचा, ट्रॅक्टरचा आवाज ऐकू दे, आजीच्या काठीची ओळख होऊ दे. कुणी कान किंवा शेपूट कापायला आला तर त्याला वस्तीवर उभा करू नकोस.

सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. चिंगीची रेबीजची लस झाली आहे का, ते दाजींना आजच विचार.

सहांत माद्या चार आहेत म्हणालीस. मागणारे ‘कुत्रा’ मागतात, कुत्री कुणाला नको असते. रात्री कुणीतरी त्या कॅनॉलच्या कडेला सोडून येतो, हे मी आयुष्यभर बघत आलो. असं आपल्या घरातून होणार नाही, हे मला तुझ्याकडून हवं आहे. मादी घेणाऱ्याला सांग, सहा महिन्यांची झाली की नसबंदीचा खर्च मामा करेल. चिंगीचीही, पिल्लं तुटून पान्हा आटला की पुढच्या भाद्रपदाच्या आत उरकून टाकू. मी स्वतः येईन, तिला गाडीत मागे घेऊन बसायला तू लागशील.

आज पेटी झाली की तिचा फोटो पाठव. वहीचं पानही रोज रात्री पाठवत जा. त्यातलं सर्वांत लहान कोणतं, ते आधी लिही.

तुझा,
मामा