‘राणीमहालासारखं’ म्हणण्याआधी

घर नव्यानं सजवायला काढलं असेल, तर डिझायनरला काय हवं ते एका शब्दात सांगू नका. ‘राजवाडी’, ‘मॉडर्न’, ‘साधंच पण छान’ हे ऐकून प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं घर उभं राहतं. झाशीतल्या आमच्या जुन्या घराचा तळमजला नव्यानं करताना हे आम्हाला पैसे मोजून कळलं.

आमची मागणी होती, ‘राणीमहालासारखं वाटलं पाहिजे.’ रघुनाथ हरी नेवाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेला तो वाडा झाशीत कुणाला दाखवावा लागत नाही. मधे चौक, त्यात कारंजं, चौकाभोवती दुमजली दालनं, दरबार हॉलच्या भिंतींवर आणि छतावर रंगीत वेलबुट्टी. आमच्या आईला त्यातला हवा होता तो भर उन्हाळ्यात मिळणारा गारवा आणि सावलीत बसायला ऐसपैस जागा. बाहेरगावच्या डिझायनरनं उचलल्या त्या कमानी आणि मोर. ‘सारखं म्हणजे नेमकं काय?’ हे कुणी विचारलंच नाही.

मग लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं आली. पीओपीच्या कमानी, छताला झालर, भिंतभर मोरांचा वॉलपेपर, सोनेरी उजेड. सगळं घर खूश! त्या चित्रांत मे महिना नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

झाशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि लू वाहते. निम्मं गाव कूलरवर तगतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ओढतो. आत आलेली हवा समोरच्या बाजूनं बाहेर गेली, तरच गार वाटतं. आमच्या जुन्या खोल्यांना त्यासाठी वर रोशनदानं होती. फॉल्स सीलिंगनं ती झाकली. हवेला वाट उरली नाही, खोली दमट झाली आणि कूलर चालू असूनही अंग चिकचिकायला लागलं. एसी लावला, तर वीज गेली की तोही बंद.

भिंतींचंही तेच. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि लोणा धरतो. अशा भिंतीला चुन्याचा हात दिला तर ओल बाहेर पडते. प्लास्टिकचा थर चढवला तर आतच कोंडते. पावसाळा सरता सरता मोर खालून सुटायला लागले.

गौरी-गणपतीच्या वेळी तिसरी अडचण आली. देवघर एका सुबक कोनाड्यात बसवलं होतं. तिथं समई लावायची तर हात भाजायचा, आणि आरतीला चार माणसं उभी राहायची तर सोफा हलवावा लागायचा. जिथं दरवर्षी मखर मांडायचो, तिथं आता काचेचं शोकेस होतं.

शेवटी सीलिंगचा बराच भाग उतरवून रोशनदानं मोकळी केली, वॉलपेपर खरवडून चुना दिला, शोकेस काढलं. घर आता गार आहे. पण एकाच कामाचे पैसे दोनदा गेले.

म्हणून सांगतो. डिझायनर ज्याला ब्रीफ म्हणतात, ते कागदावर लिहून द्या, आणि त्यात ‘लूक’ शेवटी येऊ द्या. आधी घरातला दिवस लिहा: सकाळी कोण कुठं बसतं, दुपारी कुठं आडवं होतं, स्वयंपाक कोण करतं, पाहुणे आले की गाद्या कुठं पडतात. मग वर्ष लिहा: उन्हाळा, पावसाळा, सणवार. वडीलधाऱ्यांचे गुडघे लिहा. पुढं व्हीलचेअर लागली तर दाराला ३ फूट मोकळी रुंदी हवी. ज्या वस्तू हलणार नाहीत त्यांची यादी द्या. बजेट खरं सांगा, आणि त्यातला काही भाग अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवा.

रंग-नमुने बघण्याआधी मोजमाप आणि पाहणी होऊ द्या. ऊन कोणत्या भिंतीवर येतं, ओल कुठं आहे, हवा कुठून येते, हे घर दुपारी पाहिल्याशिवाय कळत नाही. फॉल्स सीलिंग घालायचं असेल, तर पंख्याची पाती जमिनीपासून निदान ७ फूट वर राहतात ना, ते मोजून घ्या.

कन्सेप्ट दोन-तीन मागा, पण फक्त रंग बदललेले नकोत. बसण्या-चालण्याची मांडणी वेगळी हवी. आधी साधा नकाशा बघा, थ्रीडी नंतर. प्रत्येक कल्पनेवर बोट ठेवून विचारा, ‘हे आमच्या ब्रीफमधल्या कोणत्या ओळीसाठी?’ चांगला डिझायनर या प्रश्नानं दुखावत नाही. उत्तर देता येत नसेल, तर ती कल्पना चित्रासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. किती वेळा बदल करता येतील आणि त्याचे पैसे किती, हेही सुरुवातीलाच लिहून घ्या.

कन्सेप्टच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माणसाला तो नकाशा समजावून सांगा. त्या दोघांनी मान डोलावली, तरच मिस्त्रीला बोलवा.