संगणकाच्या भाषेंत वस्तु घडविणें

जावा ही संगणकाची भाषा शिकूं लागलेले कित्येक विद्यार्थी पहिल्या महिन्यांतच, "हा विषय आमच्या बुद्धीबाहेरचा आहे," असें म्हणून निराश होतात. त्यांच्या पालकांसही तसेंच वाटूं लागतें. परंतु दोष नेहमीं बुद्धीचाच असतो काय? याचा आपण थोडा विचार करूं.

ग्रंथालयांतील पुस्तकांची नोंद संगणकांत करावयाची आहे, असें समजा. प्रथम 'पुस्तक' नांवाचा साचा करावा लागतो. त्यास क्लास म्हणतात. त्या साच्यांतून जी एकेक वस्तु घडते, ती ऑब्जेक्ट होय. ती घडवितांना जावामध्यें 'न्यू' हा शब्द लिहितात. नॉर्वेमधील डाल व निगार्ड यांच्या १९६७ सालच्या सिम्युला भाषेंतही तो होता.

खरा त्रास या एका शब्दाचा नव्हे. जुन्या रीतीनें 'पानें' हें एकच नांव चार वेळां लिहावें लागतें: साच्यांत एकदां, कन्स्ट्रक्टरच्या कंसांत एकदां, आणि मिळालेला आंकडा जागेवर ठेवितांना दोनदां. पुढें २०२१ सालीं जावाच्या सोळाव्या आवृत्तींत 'रेकॉर्ड' ही सोय कायम झाली. ज्या वस्तूंत मागाहून बदल करावयाचा नाहीं, त्यांच्यापुरतें तें नांव आतां एकदांच लिहिलें म्हणजे पुरे.

मग जितकें थोडें तितकें चांगलें, असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या शहराजवळील देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्रि यानें मोडी लिपि प्रचारांत आणिली, अशी परंपरा आहे. मोडी लिहितांना लेखणी वारंवार उचलावी लागत नसे. कारकुनाचा वेळ वांचे. पण ऱ्हस्वदीर्घाचा भेद तींत बहुधा राहत नसे. तो वाचणारानें संदर्भावरून ओळखावा. लिहिणाराचे श्रम वाचणाराच्या माथीं आले.

येथेंही तसेंच आहे. 'पुस्तक(२००, ५०)' एवढेंच लिहिलें, तर पानें किती व किंमत किती, हें वाचणारास कसें कळावें? पायथॉन भाषेंत 'न्यू' लिहावें लागत नाहीं; शिवाय 'पुस्तक(पानें=२००, किंमत=५०)' असें नांवासह लिहितां येतें. दोन शब्द वाढले खरे, पण अदलाबदल झाल्यास ती तत्काळ दिसते.

तात्पर्य, वस्तु घडविण्याची रीत सोपी व्हावी हें योग्यच. मात्र पुनरुक्ति जावी, अर्थाची खूण जाऊं नये. मुलांनो, तेंच तें लिहितांना कंटाळा आला, म्हणून आपण मंदबुद्धि आहों असें समजूं नका. जाणत्यांसही तो कंटाळा आला, म्हणूनच भाषा सुधारली. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, पहिल्या परीक्षेच्या गुणांवरून मुलामुलींस हा विषय सोडावयास लावूं नये.