हार मान्य झाली, मोजणी बाकी होती

अमेरिकेत हरलेला उमेदवार जिंकलेल्याला फोन करतो, मग भाषण देतो. हा शिष्टाचार आहे, कायद्यात त्याला काडीचीही किंमत नाही. मला हे कळलं २००४ साली, ओहायोत.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या त्या मंगळवारी पावसात आम्ही तासन्‌तास रांगेत होतो. यंत्रं कमी, माणसं उदंड. कामावर जायचं म्हणून कितीतरी जण मत न देताच निघून गेले. गॅम्बिअर या कॉलेजच्या गावात सुमारे तेराशे मतदारांना दोन यंत्रं होती. तिथलं मतदान पहाटे चारच्या सुमारास संपलं. मध्यरात्रीनंतर डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी बॉस्टनमध्ये सांगितलं, प्रत्येक मत मोजलं जाईल. आणि सकाळी अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरींनी प्रतिस्पर्धी जॉर्ज बुशना हार मान्य करणारा फोन केला! आमच्यातले कार्यकर्ते अक्षरशः रडले. मलाही राग आला, आणि तो रास्तच होता असं आजही वाटतं.

पण केरींचं गणित चुकलं नव्हतं. नाव यादीत सापडलं नाही, तर मत लिफाफ्यात बंद करून घेतात आणि पात्रता तपासून मग मोजतात. अशी ‘प्रोव्हिजनल’ मतं ओहायोत दीड लाखाच्या आसपास होती. ती मोजल्यावरही अंतिम फरक निघाला सुमारे १ लाख १८ हजारांचा. म्हणजे निकाल उलटायला ती जवळजवळ सगळीच केरींना पडायला हवी होती. रांगांची तक्रार खरी. तिच्यावरून निकालच चोरला म्हणणं वेगळं, आणि त्याला आधार लागतो.

तेव्हा उमेदवाराच्या भाषणाने आपलं काम संपलं असं समजू नका. मोजणी पुढेही चालते; २००० साली डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांनी तर हार मान्य केल्याचा फोन पुन्हा फोन करून मागे घेतला होता. केंद्राची वेळ संपताना तुम्ही रांगेत असाल, तर मत द्यायचा हक्क तुमचाच. जागा सोडू नका. यादीत नाव नाही म्हणाले तर हात हलवत परतू नका, प्रोव्हिजनल मतपत्रिका मागा. मात्र केंद्र आपलंच आहे ना, हे आधी विचारा. २००४ मध्ये ओहायोत चुकीच्या केंद्रावर दिलेली अशी मतं बाद झाली.

ओहायोत २००६ पासून कारण न सांगता टपालाने मत देता येतं. नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्यांनी निवडणुकीच्या मंगळवारची वाट पाहूच नये.