हत्यार हातासाठी, हात हत्यारासाठी नव्हे

आम्ही कापडवाले मालाचा पोत आणि भाव पाहतो, विणणाऱ्याचा खांदा पाहत नाही. पोचमपल्लीच्या इकत साडीसाठी रंगण्यापूर्वी सूत खुंट्यांवर गुंडाळावे लागते. याला आसू म्हणतात. एका साडीमागे हात सुमारे ९००० वेळा हलवावा लागे. आईचे दुखणे पाहून, सहावीतच शाळा सुटलेल्या चिंतकिंदी मल्लेशम यांनी १९९९ साली यंत्र बनवले. नाव आईचेच, लक्ष्मी आसू. चार-पाच तासांचे काम दीड तासावर आले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बंधूंनो, डिझाइन म्हणजे केवळ नक्षी नव्हे. हत्यार सोपे, अंगाला सोसणारे, गावातच दुरुस्त होणारे असावे. मजुरी वेळेवर देणे फर्ज आहेच. आता कारखान्यात जाऊन कारागिराची बैठकही पाहू या.